भुईआवळ्याला केस नसतात

गच्चीवरच्या कुंड्यांत पुन्हा भुईआवळा उगवलाय. तो मी लावलेला नाही. तो कुणीच लावत नाही. तुळशीच्या, मोगऱ्याच्या, अगदी रिकाम्या कुंडीतल्या मातीतूनही तो श्रावणात आपला आपण वर येतो, वीतभर वाढतो, चिंचेसारखी बारीक पानं पसरतो आणि त्या पानांच्या पोटाशी मोहरीएवढी हिरवी फळं ओळीनं लटकवून ठेवतो. संध्याकाळ झाली की पानं मिटतात. वर्ध्याच्या नालवाडीतल्या आमच्या शेजारीणबाई दरवर्षी म्हणतात, "मॅडम, ते तण उपटून टाका नं कुंडीतलं." आणि दरवर्षी मी हसून म्हणायचे, "राहू द्या, ते माझं माहेर आहे." यंदा त्या काही बोलायच्या आधीच मी एक रोप उपटलं. हातात धरून उभी राहिले. मग ते कुठं टाकावं ते कळेना, म्हणून परत मातीत खोचलं. संध्याकाळपर्यंत त्यानं मान टाकली होती.

माझी आत्या चैत्रात गेली. आई गेल्यानंतरची माझी लहानपणची वर्षं तिच्याकडेच गेली, म्हणून आत्या म्हटलं तरी मनात जे उमटतं ते त्या शब्दापेक्षा मोठं आहे. देवळी गावाच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत, कापसा-सोयाबीनच्या शेतांना लागून तिचं घर. ती काविळीचं औषध द्यायची. चहापत्तीच्या जुन्या डब्यात एक हिरवट-करडी भुकटी असे. ती चिमूटभर ताकात कालवून रोग्याला पाजायची. पैसे घ्यायची नाही, आणि औषध कशाचं ते सांगायची नाही. नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो, हा त्या विद्येचा नियम. मरायच्या आधी एकाच माणसाला सांगायचं, तेही विश्वासातल्या. ती पहाटे एकटी जाऊन झाड आणायची, माळ्यावर सावलीत वाळवायची आणि दार लावून कुटायची. मी दाराबाहेर बसून उखळीचा आवाज ऐकलेला आहे. त्या दाराच्या आत आपण एक दिवस जाणार, हे मला तेव्हापासून ठाऊक होतं. मुलांना घर आपलंच असल्याचं ठाऊक असतं ना, तसं.

पुढे मी वनस्पतीशास्त्र शिकले, शिकवायला लागले आणि पीएचडीचा विषय शोधत होते, तेव्हा मी तिलाच विचारलं. आडून नाही, सरळ विचारलं. चुलीपुढे बसून म्हटलं, "आत्या, मला तुझ्या औषधावर काम करायचंय. ते झाड आतून कसं आहे, त्यात काय काय आहे, ते सगळं तपासायचं. नाव लिहावं लागेल त्यात. चालत नसेल तर आत्ताच नाही म्हण, मी दुसरा विषय घेईन."

ती भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यावर फुगवली. मग म्हणाली, "पोया झाला का ये, वंदू. दाखवतो."

हे एवढंच. "पोळा झाला की ये." तो पावसाळा मी या एका वाक्यावर काढला.

आमच्याकडे पोळा दोन दिवसांचा. पहिल्या दिवशी खऱ्या बैलांचा, दुसऱ्या दिवशी पोरांचा, तो तान्हा पोळा. पोरं लाकडाचे बैल सजवून, चाकांवर ओढत घरोघर नेतात. घरोघरची माणसं त्या लाकडी बैलाची पूजा करतात, त्याच्यापुढे हात जोडतात आणि पोरांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ किंवा नाणं ठेवतात. कुणी हसत नाही. हसायचं नसतं. मी पोहोचले तेव्हा मोठा पोळा संपून बैल गोठ्यात परतले होते. गल्लीत शेणाचा, बेगडाचा आणि तळणाचा वास होता. झुली उतरवून भिंतीवर टाकल्या होत्या.

दिवस कलताना आत्या मला घरामागच्या शेताकडे घेऊन गेली. वाटीत हळद लावलेले तांदूळ, लाल दोरा. आदल्या संध्याकाळी झाडाला आवतण द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत ते काढायचं, अशी रीत. न विचारता उपटलेलं झाड औषध होत नाही, तण राहतं. मी बांधाशी चपला काढल्या. देवळात शिरल्यासारखं वाटत होतं.

"काढून कायले राह्यली वं?" ती पुढून म्हणाली. "काटे रुततीन. घाल."

मी घातल्या नाहीत. ती मात्र आपल्या रबरी चपलांनिशी चिखलातून पुढे चालली. प्रत्येक पावलाला फटक, फटक असा आवाज येत होता. कापसाच्या दोन ओळींमध्ये ती उकिडवी बसली, एका रोपाभोवती दोरा गुंडाळला, तांदूळ ठेवले. "हात जोड." मी जोडले. मग ती त्या रोपाशी बोलली, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशा आवाजात. "उद्या सकायी न्यायले येतो. पोरीच्या कामासाठी पाह्यजे. राग नोको धरू."

मी वाकून पाहिलं. भुईआवळा होता.

क्षणभर मनातून उतरल्यासारखं झालं, हे लिहायला हवं. भुईआवळा काविळीवर चालतो हे पुस्तकात असतं, काढ्यांच्या बाटल्यांवर असतं. एवढी वर्षं दार लावून कुटलं ते हेच? पण ती माझ्याकडे बघत होती, आणि मला त्या रोपापेक्षा ते बघणं मोठं वाटलं. तिनं मला दाराच्या आत घेतलं होतं. माझे मार्गदर्शक सर मात्र मी परतल्यावर नमुना बघून हसले. "अहो, हे तर कोणत्याही पुस्तकात आहे. तुमच्या आत्याबाईंनी काही निराळं काढलं असतं तर मजा होती." मला इतका राग आला की मी आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. साधी गोष्ट दडवून ठेवणारी माणसं जास्त खरी असतात, असं काहीसं मी स्वतःला सांगितलं होतं. सांगताना ते फार सुंदर वाटलं होतं.

त्या भादव्याचा वास अजून माझ्या बोटांना आहे. बटाट्याच्या फोडीत खोडाचा तुकडा धरायचा आणि दाढीच्या ब्लेडनं इतका पातळ काप काढायचा की तो पाण्यात पडला तर दिसू नये. शंभर काप वाया जावेत आणि एक असा निघावा की सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर जीव हरखून जावा. लाल रंग पाजलेल्या त्या कापात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचं गुलाबी कडं, मधला भेंडाचा फिका चौक, पेशींच्या पोटात अडकलेले चांदणीसारखे स्फटिक. मी वर्षभर ते झाड आतून पाहिलं. पानाची त्वचा सोलून पाहिली, श्वास घ्यायची बारीक तोंडं मोजली. बाहेरचं अंग स्वच्छ, गुळगुळीत. कुठंही लव नाही, केस नाहीत. प्रबंधात मी तसं वाक्यच लिहिलं आहे. मग वाळवून, कुटून, त्याचा अर्क काढला. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर असतो; तळाशी अर्काचा ठिपका ठेवून पट्टी द्रावात उभी केली की द्राव वर चढतो आणि जाताना अर्कातला एकेक घटक एकेका उंचीवर सोडून देतो. फवारा मारून तापवलं की ते दिसू लागतात. पहिल्यांदा त्या पट्टीवर जांभळा डाग उमटला, तेव्हा मी एकटी प्रयोगशाळेत मोठ्यानं म्हणाले, "आत्या, हे बघ."

ती एकदा खरंच आली होती, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वर्ध्याला. तपासणी झाल्यावर मी तिला रिक्षात घालून प्रयोगशाळेत नेलं. स्टुलावर बसवलं, चांगला डोळा सूक्ष्मदर्शकाला लावायला सांगितला.

"हे काय वं माय? बांगड्यायचं दुकान आहे का?"

"तुझं औषध आहे ते. आतून."

ती बराच वेळ बघत राहिली. मग डोळा न काढताच म्हणाली, "तुया सायबाले पसंद पडलं?"

"पडलं."

"मंग झालं तं." आणि उठताना माझ्या डोक्यावर टपली मारून, "एवढं बारीक पाहून पाहून डोये जातीन एखांद्या दिवशी. माह्यावाणी."

त्या टपलीचा मी आता फार विचार करते. ती मायेची होती, यात मला शंका नाही. तेच तर मला सुटत नाही.

प्रबंध पूर्ण झाल्यावर मी तो घेऊन गेले. पहिल्या पानावर तिचं नाव होतं. प्रस्तावनेत होतं की वर्धा जिल्ह्यातल्या एका पारंपरिक वैद्यीण बाईंच्या घरी काविळीवर ही वनस्पती पिढ्यान् पिढ्या वापरली जाते. मी तिला ते वाचून दाखवलं. तिनं पदराला हात पुसले, पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायला सांगून ते देव्हाऱ्याच्या मागे ठेवलं. तिच्या तेरवीला मी ते बाहेर काढलं. गाठ मी बांधली होती तशीच होती.

तेरवीलाच मी तो चहापत्तीचा डबाही आणला. तळाशी थोडी भुकटी होती. दुसरं काही नकोच होतं मला. लोक गेलेल्या माणसाचा फोटो काढून बसतात. आषाढात एका दुपारी, प्रयोगशाळेत कुणी नसताना, मी त्या भुकटीची चिमूट काचपट्टीवर घेतली. काही तपासायचं नव्हतं. ओळखीच्या पेशी बघायच्या होत्या. तिच्या हातानं कुटलेल्या.

आधी मला वाटलं, कापसाचा तंतू असेल. मग वाटलं मांजराचा केस. तिच्याकडे मांजर होतं. काचपट्टी पुसली, नवीन चिमूट घेतली. तरी तेच. लांब, निमुळते, किंचित वाकलेले केस, पानाच्या कातडीच्या तुकड्यांना घट्ट चिकटलेले. बाहेरून येऊन पडलेले नव्हते ते, त्या पानावरच उगवलेले होते. शेतभर फिरलात तरी भुईआवळ्याच्या अंगावर असा एक केस सापडणार नाही. मी स्वतः लिहिलंय तसं. मी चिमटीमागून चिमटी बघत गेले. ओळखीचं काही दिसलं नाही. मग अर्क काढला आणि पट्टीवर माझ्या भुईआवळ्याच्या शेजारी चढवला. माझ्या बाजूला जांभळा डाग उमटला. तिच्या बाजूला त्या उंचीवर काही नव्हतं. वर आणि खाली निराळेच डाग होते, मी कधी न पाहिलेले.

पट्टी वाळेपर्यंत मी बसून राहिले. खिडकीबाहेर कडुलिंबावर पाऊस पडत होता आणि मला वाटत होतं की कुणीतरी येऊन हा डबा वेगळ्याच औषधाचा आहे असं सांगेल.

म्हणून यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गावी गेले. आत्याच्या घराला कुलूप आहे. समोरच्या घरी कमलताई राहतात. आत्याच्या शेतात वर्षानुवर्षं त्यांनी निंदण-वेचणी केली, शेवटच्या आजारपणात तिचं अंग पुसलं. आता गावात काविळीचं औषध त्या देतात, हे तेरवीला कानावर आलं होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, बरं झालं, भुईआवळा तर सगळीकडे असतो. ओट्यावर बुद्धाच्या लहानशा मूर्तीजवळ अगरबत्ती लावलेली होती आणि त्या सुपात अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. गल्लीतून पोरं लाकडी बैल ओढत चालली होती.

मी डबा पुढे ठेवला. त्यांनी उघडून वास घेतला. "कावियेचाच आहे. मागच्या साली बाईनं कुटला, मीच चायून देल्ला."

"कशाचा आहे, ताई?"

त्यांचा भाजी खुडणारा हात थांबला. "तुमाले माहीत नाई? मले वाटे तुमीच त्याच्यावर एवढं मोठं पुस्तक लिवलं."

"मी दुसऱ्याच झाडावर लिहिलं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई म्हणे, वंदूले सांगजो नोको. पोरगी सोन्याची आहे, पण तिच्या हातचं कागदावर जाते. कागदावर गेलं का दुकानात जाते, अन् मंग शेतात एक झाड राह्यत नाई."

"तुम्हाला कधी सांगितलं?"

"लय वर्स झाले. माह्या लहान्याले कावीय झालती तवा. तुमी नाई का ते काचा-बिचा घेऊन येऊन राह्यल्या होत्या? त्याच साली."

त्याच साली. मी विचारलं, अजून आवतण देता का, हळद-तांदूळ ठेवून?

"नाई बाप्पा. आमी ते मानत नाई. मी बाईले तवाच सांगतलं. बाई हासली. म्हणे, तांदूय नोको ठेवू, झाडाले तांदूय कायले लागते? फक्त चपला बांधावर काढजो. चपला घालून गेलं का हातचा गुन जाते."

फटक, फटक.

मी ओट्यावर बसले होते आणि माझ्या कानात चिखलातला तो आवाज पुन्हा सुरू झाला. एवढी वर्षं तो माझ्याजवळ नुसता आवाज होता. त्या संध्याकाळच्या हळदीच्या वासासारखा, मावळत्या उजेडासारखा. ती चपला घालून गेली होती. आणि मला म्हणाली होती, "काढून कायले राह्यली वं?" भोळेपणानं अनवाणी चालणाऱ्या माझ्याकडे बघून ती जरा वरमली असेल. काटे रुततीन, हे तरी खरं बोलली.

नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. तिच्या भीतीत तथ्य आहे, हेही मला कळतं. कागदावर गेलेल्या झाडांची खोदून काढलेली मुळं मीही पोत्यांनी पाहिलेली आहेत. तिनं नाही म्हटलं असतं तर मी रुसले असते, दुसरा विषय घेतला असता आणि दिवाळीला तिच्याकडे गेले असते. मी तर तेच विचारलं होतं. पण तिनं दोरा गुंडाळला, तांदूळ ठेवले, एका तणाची क्षमा मागितली. कमलताईंना नुसतं झाड मिळालं, मला सगळा सोहळा मिळाला. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल माझ्या हाती दोरीसकट देऊन तिनं मला गावभर फिरू दिलं, विद्यापीठापर्यंत जाऊ दिलं, आणि परत आल्यावर दोन्ही हातांनी त्याची पूजाही केली. हसली नाही. हसायचं नसतं.

"तुमाले नाई म्हणता नसन आलं तिले," कमलताई म्हणाल्या. "बाकी कोणालेबी 'नाई' म्हणे ते. एक तुमालेच म्हणता नसे येत."

हे त्या माझ्या समाधानासाठी म्हणाल्या. ते खरंही असेल. पण ज्या माणसाला आपण 'नाही' म्हणू शकत नाही, त्याला आपण मोठं झालेलं मानत नसतो.

इतक्यात फाटकाशी फटफटी थांबली. मागे बसून आलेल्या माणसाचे डोळे हळदीसारखे झाले होते. कमलताईंनी आधी दवाखान्यातला रक्ताचा कागद पाहिला, डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही असं दोनदा बजावलं, मग भाजीचं सूप बाजूला सरकवून उठल्या. दोन पावलं जाऊन वळल्या. "एवढ्याशा भुकटीनं भागत नाई, ओला पाला आणतो. चाला नं ताई संगं. आता बाई नाई, मले कोणाची भीती? पाहून घ्या एकदा."

मी त्यांच्यामागे बांधापर्यंत गेले. त्यांनी चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या, आणि त्या कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळींतून सरळ पुढे निघाल्या, कुठं जायचं ते माहीत असलेल्या माणसासारख्या. पायांचा आवाज येत नव्हता. मी खाली वाकून माझ्या चपलेचा पट्टा सोडला. मान वर केली असती तर त्या कशापाशी थांबल्या ते दिसलं असतं. मी पट्टा पुन्हा लावला आणि शेताकडे पाठ करून उभी राहिले. समोर आत्याचं कुलूप लावलेलं घर होतं.

त्या परतल्या तेव्हा त्यांची मूठ पदरात होती. "पाह्यलं?"

"नाही."

"काऊन?"

डबा मी त्यांच्याकडेच ठेवला. भुकटी त्यांच्या उपयोगाची आहे.

ती काचपट्टी मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती प्रकाशाला धरली की केस नुसत्या डोळ्यांनाही धुळीच्या रेघेसारखे दिसतात. असे केस कोणत्या झाडाला असतात याचा मला अंदाज आहे. विभागाच्या कपाटातल्या नमुन्यांशी ताडून पाहिलं तर एका दुपारचं काम. प्रबंध दुरुस्त करावा का, याचाही विचार करते. त्यात एक सोडून सगळी वाक्यं खरी आहेत, आणि प्रस्तावनेतलं ते एक माझ्या सर्वांत आवडीचं होतं.

काचपट्टीच्या कडेला चिठ्ठी चिकटवायची आमच्याकडे पद्धत आहे. मुलांना मी पहिल्याच दिवशी शिकवते: झाडाचं नाव, कुठं मिळालं, कुणी दिलं. नाव मला शोधता येईल. गाव लिहून झालंय. शेवटच्या ओळीपाशी पेन टेकवून मी रोज थोडा वेळ बसते, आणि मग खण लावून घेते.